जुन्या पुस्तकातली हातचलाखी शिकायचीय, पण घरात पत्त्यांचं नाव काढता येत नाही

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून २२ वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. बी.एस्सी. झालंय, सध्या एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून पत्त्यांची जादू शिकला, मित्रांत थोडं नाव झालं. मग कुणीतरी त्याला एस. डब्ल्यू. एर्डनेस या लेखकाचं १९०२ सालचं 'द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल' हे पुस्तक पाठवलं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. त्याचं म्हणणं असं, की या पुस्तकात अशा हातचलाख्या आहेत ज्या कुठल्याच रीलमध्ये दिसत नाहीत, लोक त्या विसरून गेलेत, म्हणजे आपल्या हाताला खजिनाच लागलाय. पहिल्या पानापासून क्रमाने शिकायला लागला, शफल (पिसणं) कसेबसे झाले आणि बॉटम डीलवर, म्हणजे वाटताना गुपचूप खालचं पान देण्यावर, गाडी अडकली. वर्ष होत आलं. इंग्रजी जड जातंय, हात लहान आहेत, घाम येतो, चुकतंय काय ते सांगणारं कुणी नाही. काही मित्र म्हणतात हे सोड आणि ट्रेंडिंगवालं काहीतरी कर, काही म्हणतात एवढं येतंय तर दिवाळीत तीन पत्तीला बस. घरी अण्णांना पत्ते दिसले तरी राग येतो, कारण चुलत्यांनी पत्त्यांत दोन एकर घालवलं. म्हणून दुकानाच्या गोदामात पोत्यांच्या मागं बसून चोरून सराव चालतो. तो विचारतो, पुस्तक पूर्ण करू का सोडून देऊ? अण्णांना हे कसं समजावू, त्यांना कलेतलं काही कळत नाही. आणि पत्त्यांचा कॅट कोणता घेऊ?

मित्रा,

तुझे चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि मला वाटतं त्यातली अर्धी गुंतागुंत एकाच समजुतीतून आलीय, की जे कुणी करत नाही ते भारी असणारच. तिथूनच सुरू करू.

कुणीच करत नाही म्हणतोस, पण बघितलंस कुठं? फोनवर. आता फोनवर काय दिसतं याचा जरा विचार कर. कॅमेरा एका जागी लावलेला असतो आणि तो फक्त हाताकडं बघत बसतो, तू त्याला काही विचारलंस तर तो मान वर करून तुझ्या तोंडाकडं बघत नाही, हसत नाही, शेजारच्याकडं वळून "बघितलं का" म्हणत नाही. त्यामुळं ज्या हातचलाख्या समोरच्याची नजर क्षणभर दुसरीकडं जाते याच्यावरच उभ्या आहेत, त्या कॅमेऱ्यापुढं टिकत नाहीत, म्हणून रीलवाले त्या घेत नाहीत, आणि तुझ्यासारखी फोनवरून शिकलेली पोरं समजतात की त्या संपल्या. संपल्या नाहीत रे, त्या फक्त फोनच्या बाहेर राहिल्यात. आणि तुझ्यापुढं तर रोज जिवंत माणसं असतात, दुकानात, पारावर, लग्नाच्या जानवशात, तर ही तुझ्यासाठी चांगलीच गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे ते पुस्तक विसरलेलं वगैरे बिलकुल नाही. पत्त्यांच्या जादूत इतकं वाचलं गेलेलं दुसरं पुस्तक सापडणं अवघड. डाय व्हर्नन म्हणून कॅनडात जन्मलेला जादूगार होता (१८९४ ते १९९२), ज्याला जादूगार मंडळी 'द प्रोफेसर' म्हणायची, तो लहानपणापासून हे पुस्तक घोकत आला आणि त्याच्यामुळं पुढच्या कित्येक पिढ्या याच्याकडं वळल्या. एर्डनेस नेमका कोण होता यावर आजही लोक वाद घालतात, हे नाव खरं नाही असं बहुतेकांचं मत. तेव्हा पुस्तक प्रसिद्ध आहे, त्यातली काही पानं मात्र लोक पटकन उलटून पुढं जातात. तुला शोधायचं असेल तर ती पानं शोध, आणि प्रत्येक पानापाशी थांबून एकच प्रश्न विचार की हे लोकांनी सोडलं का. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सोडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्या कारणावरच ठरतं की ती गोष्ट तुझ्या कामाची आहे का नाही.

काही गोष्टी लोकांनी सोडल्या कारण भोवतालचं जगच बदललं. १८७६ मध्ये प्रोफेसर हॉफमनचं 'मॉडर्न मॅजिक' हे जादूचं पुस्तक आलं, त्या काळातला जादूगार मागं शेपटीसारखे पल्ले असलेला काळा कोट घालायचा आणि त्या पल्ल्यांत गुपचूप खास खिसे शिवलेले असायचे, टेबलाच्या मागच्या अंगाला प्रेक्षकांना न दिसणारी छोटी फळी असायची. पान गायब करायचं म्हणजे हात खाली गेला की काम झालं. तू टी-शर्ट घालून सतरंजीवर मांडी घालून बसणार, तुझ्या काय कामाचं ते? ते सोड, वाईट वाटून घेऊ नको. तसंच फ्रान्समधले जादूगार बऱ्याचदा ३२ पानांचा कॅट वापरायचे, पिकेट नावाच्या खेळाचा. ५२ ऐवजी ३२ पानं हातात म्हणजे जाडी केवढी कमी होते बघ, त्यामुळं काही जुन्या पुस्तकांत "हे सोपं आहे" असं लिहिलेलं असतं आणि आपण पूर्ण कॅट घेऊन तासन् तास झगडत बसतो आणि म्हणतो माझाच हात वाईट. पुढच्या वेळी अशी एखादी चाल अडली तर सगळी दुऱ्या, तिऱ्या, चौक्या, पंजे आणि छक्के बाजूला काढ, बरोबर ३२ उरतात, आणि करून बघ. जमायला लागलं की दोन-दोन पानं वाढवत ५२ वर ये.

काही गोष्टी मात्र उलट आज सोप्या झाल्यात आणि कुणाच्या लक्षात नाही. पानाच्या कोपऱ्यात छोटा आकडा आणि चिन्ह असतं ना, ते पूर्वी नसायचं, १९व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत ते रुळलं. त्याच्या आधी एखादं पान चोरून बघायचं म्हणजे पानाचा बराच भाग दिसायला लागायचा. आता कोपरा नखाएवढा दिसला तरी बदामची राणी आहे का इस्पिकचा गुलाम हे कळतं. म्हणजे जुन्या पुस्तकांतले पान हळूच बघून घ्यायचे प्रकार, ज्याला ग्लिम्प्स म्हणतात, ते तेव्हा अवघड म्हणून मागं पडले असतील तर आज ते उचलायला हरकत नाही. तिथं खरंच काहीतरी मिळू शकतं.

आणि काही गोष्टी अशाच पडून राहिल्या, मग कुणीतरी उचलल्या आणि आता सगळेच करतात. व्हिएन्नाचा जादूगार योहान हॉफझिन्झर (१८०६ ते १८७५) याची पत्त्यांची जादू ऑटोकार फिशरने १९१० मध्ये जर्मन भाषेत पुस्तकरूपाने आणली, पानं पसरता पसरता हवं ते पान सगळ्यांसमोर खालच्या बाजूला सरकवून घ्यायची जी युक्ती आज पत्तेवाले रोज वापरतात ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बरीच वर्षं तिच्याकडं फार कुणी बघत नव्हतं. तिला पुढं आणलं ते लोकांना उपयोग दिसला म्हणून. दुर्मिळ आहे म्हणून कुणी कुठली चाल डोक्यावर घेत नाही.

आता तुझ्या बॉटम डीलकडं येऊ. पहिल्या पानापासून क्रमाने जायचं हे तू शाळेच्या पुस्तकासारखं धरलंस, पण या पुस्तकाची मांडणी तशी नाही. त्याचा पहिला आणि मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या फसवणुकीचा आहे, खोटं पिसणं, खोटं कापणं, खालचं पान वाटणं, वरून दुसरं पान वाटणं. जादूचा भाग त्याच्या मागं सुरू होतो. तू वर्षभर ज्याच्यावर घाम गाळतोयस ते कौशल्य जादूगाराला लागतंच असं नाही, आणि लागलं तरी बरंच नंतर, जेव्हा तो "जुगारी लोक कसे फसवतात" हे स्टेजवर दाखवतो तेव्हा. तुला सध्या चार माणसांना पानं वाटायचीच नाहीत, मग खालचं पान वाटून करणार काय? तुझं अडणं हे हाताचं अपयश नाही, चुकीच्या दारापाशी उभा आहेस एवढंच. पुस्तक सोडू नको, पण मागच्या भागात जा, जिथं 'चेंजेस' म्हणजे पान बदलायच्या चाली आहेत, आणि टॉप चेंज वाच.

टॉप चेंजवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तुझ्या पत्रातलं सगळं त्यात येतं. काम साधं आहे, एका हातात कॅट, दुसऱ्या हातात एक पान, आणि दोन्ही हात जवळ येऊन गेले की हातातलं पान बदललेलं असतं, वरचं पान हातात आणि हातातलं कॅटवर. खूप जुनी चाल आहे, १९व्या शतकातल्या पुस्तकांतही पान बदलण्याचे असे प्रकार सापडतात. तरी आज नवीन पोरं तिला हात लावत नाहीत कारण भीती वाटते, सगळं उघड्यावर होतं, काही झाकलेलं नसतं, आणि डबल लिफ्टने, म्हणजे दोन पानं एकच असल्यासारखी उचलून, जवळपास तेच काम होतं म्हणून सगळे तिकडं. पण डबल लिफ्टमध्ये पान कॅटवरून उचलून दाखवायचं आणि परत कॅटवर ठेवायचं असतं, टॉप चेंजमध्ये पान आधीपासून तुझ्या हातात सुटं असतं, लोकांनी ते सुटं बघितलेलं असतं, त्यामुळं बदललं की धक्का वेगळाच बसतो.

आणि ती बोटांच्या वेगावर होत नाही. वेगाने करशील तर हमखास पकडला जाशील, कारण झटका दिसतो. ती होते बोलण्यावर. तू समोरच्याला खरा प्रश्न विचारतोस, ज्याचं उत्तर द्यायला त्याला तुझ्या डोळ्यांकडं बघावंच लागतं, "तुम्ही पान मनात धरलं तेव्हा बदलायचा विचार आला होता का हो काका?" आणि तो वर बघतो, त्या क्षणी तुझे हात सहज एकत्र येऊन वेगळे होतात, आणि तूही हाताकडं बघत नाहीस. इथं सगळे फसतात, स्वतःच खाली बघतात. म्हणून सराव करताना आधी बदल करूच नको. नुसतं बोल, हात जवळ आण, दूर ने, काही न करता, असं रोज, इतकं की हात जवळ येणं ही तुझी सवयच आहे असं वाटलं पाहिजे. मग कधीतरी त्याच हालचालीत बदल घाल. चाल केली आणि नाही केली या दोन्ही वेळी हात सारखेच दिसले पाहिजेत, फोनवर दोन्ही शूट करून शेजारी शेजारी बघ, फरक दिसला की तिथंच काम करायचंय. ही सवय एका चालीपुरती नाही, पुढं पुस्तकातली कुठलीही चाल घेतलीस तरी आधी ती न करता कशी दिसते ते बसव.

तू लिहिलंस चुकतंय काय ते सांगणारं कुणी नाही. आरशात बघून करतोस वाटतं. आरशाचा एक धोका आहे, चालीच्या ऐन क्षणाला आपण डोळे मिटतो, स्वतःला फसवायला, आणि मग वाटतं झकास झालं. फोन बरा. पण फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नको, समोर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेव, आणि एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा मागून. मागून का ते सांगतो.

या पुस्तकांमधला प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, टेबलाच्या पलीकडं, आणि मागं कुणी नसतं. आपल्याकडं असं कधी होतं का? तू पत्ते काढलेस की पोरं गोल करून बसणार, एक जण खांद्यावरून वाकणार, एखादं लेकरू मांडीवर येऊन बसणार. म्हणून पुस्तकातली चाल घेण्याआधी बघ, ती कुठल्या बाजूने उघडी पडते. पुस्तकात शंभरावर चित्रं आहेत, एम. डी. स्मिथ नावाच्या चित्रकाराने खरे हात बघून काढलेली, प्रत्येक चित्रापाशी स्वतःला विचार की हे कुणाच्या बाजूने दिसतंय, करणाऱ्याच्या का बघणाऱ्याच्या. खूप गोंधळ तिथंच होतो, डावा हात उजवा वाटतो आणि पूर्ण आठवडा वाया. जी चाल मागून उघडी पडते ती भिंतीला पाठ लावून करायची, ओसरीवर भिंतीकडं बसायचं, विषय संपला. आणि तळहातात पान लपवायचे प्रकार गोल बैठकीत टाळलेलेच बरे, निदान सुरुवातीला.

आणि पिसण्याचं. पुस्तकातलं पिसणं दोन प्रकारचं, एक कॅट आडवा धरून पानं एका हातातून दुसऱ्या हातात टाकायची आणि दुसरं टेबलावर दोन भाग करून फर्रकन एकमेकांत घुसवायची. आपण कसं पिसतो? कॅट लांबीच्या कडांनी धरायचा आणि वरून थोडी थोडी पानं दुसऱ्या हातात ओढून घ्यायची. गंमत बघ, पाश्चात्य जादूगार याच पिसण्याला 'हिंदू शफल' म्हणतात आणि त्याच्यावर खास चाली बसवतात, समोरच्याला आपल्याला हवं तेच पान घ्यायला लावायच्या, पान वर ठेवून घ्यायच्या. तू मात्र मेंढीकोट खेळताना आयुष्यभर जसं पिसलंस ते सोडून परक्या पद्धतीने पिसायला लागलास तर आपल्या पोरांना पहिल्या मिनिटाला कळणार की आज ह्याचं काहीतरी वेगळं चाललंय. पुस्तकातून चालीमागची कल्पना घे, एखादं पान किंचित पुढं-मागं सरकवून खूण ठेवायची, ज्याला जॉग म्हणतात, किंवा करंगळीने बारीक फट धरून ठेवायची, ज्याला ब्रेक म्हणतात, आणि ती आपल्या पिसण्यात बसव. ब्रेक तर आपल्या पिसण्यात फारच सहज जातो, खाली येणाऱ्या पानांतली दोन-चार पानं वरच्या हातातल्या कॅटखाली परत उचलून घ्यायची आणि मध्ये फट ठेवायची. मला तर वाटतं मराठवाड्यातल्या पोराने एर्डनेस शिकायचा तो असा, आपल्या हातावर बसवून. असं काम कुणी मनापासून केलं तर त्यातून खरोखर नवीन काहीतरी निघेल.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको. शंभर वर्षांपूर्वीचं तांत्रिक इंग्रजी आहे, इंग्रजी शाळेतल्या पोरांनाही ते पटकन लागत नाही. एक वही कर, एका ओळीत एकच हालचाल, आपल्या भाषेत, "उजव्या करंगळीने कोपरा दाब", "डावा अंगठा पानावरून उचल". नाव आहे तसंच ठेव, टॉप चेंजला टॉप चेंजच म्हण. वाक्य कळलं नाही तर कॅट हातात धरूनच परत वाच, नुसतं पुस्तक धरून वाचलं तर डोक्यात शिरत नाही.

लहान हात आणि घामाचं थोडक्यात सांगतो. दुकानात तुला जो परदेशी कॅट दाखवतात तो बहुधा पोकर साइझ असतो, रुंदी साधारण ६३ मिलीमीटर. ब्रिज साइझ ५७ मिलीमीटरच्या आसपास, उंची जवळपास तेवढीच. सहा मिलीमीटर म्हणजे काहीच नाही वाटतं पण तळहातात फार फरक पडतो. घामासाठी हात धुवून कोरडे करून बसायचं, बस. पावडर लावू नको, पानं खराब होतात.

रील्सचं मी तुला नको म्हणणार नाही, पण या चाली उघड करून लाइक मिळवायचं मनात असेल तर थांब. दुसऱ्याने कष्टाने जपलेलं वीस सेकंदात उघडं पाडण्यात तुझ्या हाताला काही मिळत नाही. करून दाखव, कशी केली ते दाखवू नको, आणि कुठून शिकलास ते खाली लिही. १९०२ चं पुस्तक सगळ्यांसाठी खुलं आहे, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं. पण टेलिग्रामवर हयात जादूगारांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात त्या घेऊ नको, आपल्याकडं लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो आणि ही मंडळी त्याच विक्रीवर जगतात.

आता अण्णा.

तू लिहिलंस त्यांना कलेतलं काही कळत नाही. मित्रा, मला वाटतं त्यांना बरोबर कळतंय. तू ज्या पुस्तकावर जीव टाकलास त्याचा मोठा भाग लोकांना पत्त्यांत लुबाडायचं कसं याचाच आहे, हे आपण आत्ताच बोललो, आणि लेखकाने प्रस्तावनेत सरळ लिहिलंय की मला पैशाची गरज आहे म्हणून हे पुस्तक. अण्णांनी ते पुस्तक वाचलं नसलं तरी त्याचा परिणाम त्यांनी घरात बघितलाय, सख्ख्या भावाची जमीन गेलेली बघितलीय. आपल्या भागात पत्त्यांचा क्लब, पोलिसांची धाड, कुणाची बैलजोडी गेली कुणाचा प्लॉट गेला, हे प्रत्येक गावात आहे, जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहे आणि तरी आहे. त्यांची भीती अडाणीपणाची नाही. आणि तू गोदामात चोरून पत्ते घेऊन बसतोस, म्हणजे उद्या कुणी बघून त्यांना सांगितलं तर ते काय समजतील? जुगारी माणूस जसा लपतो तसाच तू लपायला लागलास. आधी ते बंद कर.

बोलताना समजावायला जाऊ नको. आधी काय करतोस ते सांग, किती दिवसांपासून ते सांग, लपवलं हे पण सांग. मग शब्द दे की पैसे लावलेल्या डावाला मी आयुष्यात बसणार नाही, आणि तो पाळ. दिवाळीच्या तीन पत्तीला बस म्हणणाऱ्या मित्रांना आजच नाही म्हण, उद्या नाही. हे मी फक्त अण्णांसाठी सांगत नाही. ज्याला पानं खोटेपणाने वाटता येतात त्याने पैशाच्या डावाला बसायचंच नसतं, तू प्रामाणिकपणे खेळून जिंकलास तरी कुणी मानणार नाही, आणि एखाद्या रात्री हात आपोआप तिकडं गेला तर ज्या मित्राचे पैसे जातील तो तुझ्याच गावचा आहे. दहा रुपयांचा डाव असला तरी नाही. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन खुशाल खेळ, पैसे नसतील तर.

एक गोष्ट मात्र करू नको. बऱ्याच जणांना वाटतं घरच्यांना एक भारी जादू दाखवली की राग पळून जातो. ज्या माणसाच्या घराला पत्त्यांनी फसवलंय त्याला पत्त्यांनीच फसवून खूश करायला जाऊ नको, त्याला ते टोचेल. आधी बोलणं, मग काही दिवस त्यांच्यासमोर ओसरीवर उघड सराव, त्यांनी विचारलं तर दाखवायचं, नाही विचारलं तर नाही. आईला, बहिणीला दाखव, ते बघत असतीलच. कदाचित वर्ष लागेल, कदाचित त्यांना कधीच आवडणार नाही, आणि तेही चालतं, बापाला आपलं सगळंच आवडलं पाहिजे असं नाही, त्यांना आपल्याविषयी खोटं काही समजलेलं नसावं एवढं बघायचं.

आणि तुला खरंच लोकांपुढं यायचं असेल तर एक रस्ता आहे जो अण्णांनाही कदाचित पटेल. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, आपण अंनिस म्हणतो, त्यांचे कार्यकर्ते शाळा-कॉलेजात जाऊन बाबा-बुवांच्या चमत्कारांमागची हातचलाखी दाखवतात. त्यांच्या जिल्ह्यातल्या शाखेला भेट, म्हण मला पत्त्यांतली फसवणूक कशी होते ते दाखवता येतं. शाळेतल्या पोरांपुढं "हे बघा, असा डाव आधीच ठरलेला असतो, म्हणून बसू नका" असं दाखवायला तुझं बॉटम डीलसुद्धा कामाला येईल, आणि तेव्हा ते शिकायला कारणही असेल. चुलत्यांसारख्या कुणाची जमीन वाचली तर फारच चांगलं.

हे सगळं तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही लागू आहे, नांदेडहून एकीने पेटी-वाजवण्याच्या जुन्या पुस्तकाबद्दल जवळपास हेच विचारलंय, तिलाही मी हेच म्हणेन की आधी बघ लोकांनी का सोडलं, मग तुझ्या गावात ते कुणासमोर वाजवणार ते ठरव, आणि एका वेळी एकच उचल.

राहिला कॅट. महागडा घेऊ नको. जवळच्या स्टेशनरीत मिळणारा साधा ब्रिज साइझचा कागदी, वरून हलकं कोटिंग असलेला घे, पूर्ण प्लास्टिकचा नको, तो उन्हाळ्यात घामट हाताला चिकटतो. दोन सारखे घे, एक सरावाला, एक दाखवायला, कारण सरावाचा कॅट मळतो आणि मळलेली पानं सरकत नाहीत, मग चाल जमत नाही आणि आपण हाताला दोष देतो. पहिला महिना फक्त टॉप चेंज, तेही आधी न बदलता. खरिपाचा सीझन सुरू झाला की दुकानात तुला वेळ मिळणार नाही, बियाण्याच्या रांगा लागतात, तेव्हा सराव रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं, पण घरात, गोदामात नाही. आणि दसऱ्याच्या आसपास मला लिहून कळव, पिसण्यात ब्रेक कुठं बसवलास ते.